पाचवी अ मधले चौदा माजी मुख्याध्यापक

सोमवार, सोळा जून, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. शिरसवडी कॅम्पातल्या थॉर्नबी इंग्लिश स्कूलमध्ये पाचवी अ च्या वर्गात हजेरी चालू होती. वर्गशिक्षक पोळ सरांनी नाव पुकारले, "सप्रे विष्णु अनंत." खाकी हाफपँट, पांढरा सदरा आणि डोक्यावर लाल पगडी घातलेले सप्रे सर बाकावरून उठले आणि "हजर" म्हणाले. सप्रे सर या शाळेचे सातवे मुख्याध्यापक. ते एकोणीसशे छत्तीस साली निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून पाचवीत बसतात.

त्यात नवीन काही नव्हते. नवीन होते ते दारात. दारात रेहाना बागवान उभी होती. कॅम्पाच्या चौकात हिचा फळांचा गाडा आहे. सोबत तिची मुलगी मिसबा, दहा वर्षांची, चौथी पास. रेहाना वर्गाकडे बघत होती आणि तिच्या मागे शाळेचे कारकून ओतारी भाऊसाहेब तिला चला चला म्हणत होते.

"जागा नाही म्हणता ना?" रेहाना म्हणाली. "मग हे कोण बसलंय? ही पोरं आहेत?"

"विद्यार्थी आहेत," ओतारी म्हणाले. "पटावर आहेत."

"पहिल्या बाकावरचं म्हातारं झोपलंय."

"हळू बोला. ते संस्थापक आहेत."

या वर्गाची मंजूर पटसंख्या साठ. त्यात सेहेचाळीस मुले आणि चौदा माजी मुख्याध्यापक. बाहेरगावच्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगतो. शाळेचे संस्थापक रेव्हरंड जोसाया थॉर्नबी यांनी अठराशे अडुसष्ट साली नियम केला की, ज्याने मुख्याध्यापकाची खुर्ची सोडली त्याने पाचवीच्या बाकावर बसावे, आपल्या शाळेत काय शिकवतात ते स्वतः ऐकावे, एकेक इयत्ता पास होत मॅट्रिक व्हावे आणि मग घरी जावे. नियम चांगला होता. साहेबाने तो प्रथम स्वतःला लावला. त्यानंतर शिरसवडीत चांगल्या नियमाचे जे होते तेच त्याचे झाले.

दुसरे मुख्याध्यापक कीर्तिकर सर सरळ मनाचे होते. ते पाचवीत बसले, अभ्यास केला, दर वर्षी पास झाले, मॅट्रिक झाले. दुपारी शाळा सोडल्याचा दाखला घेतला, परेड ग्राउंडपर्यंत फिरायला गेले आणि संध्याकाळी वारले. वय झाले होते. पण या घटनेवरून बाकीच्यांनी एक गोष्ट ताडली आणि ती बरोबर निघाली: पटावर नाव असेपर्यंत थॉर्नबी स्कूलचा मुख्याध्यापक मरत नाही. तेव्हापासून एकही माजी मुख्याध्यापक पाचवी पास झालेला नाही. ज्यांनी आयुष्यभर मुलांना नापासाची लाज शिकवली, ते चौदा सभ्य गृहस्थ दर वर्षी एप्रिलमध्ये नापास होतात, जूनमध्ये फेरपरीक्षेला बसतात आणि पुन्हा नापास होतात. मध्यंतरी आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असा कायदा आला तेव्हा त्यांची थोडी धावपळ झाली. पण तो कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी होता आणि त्यांच्यापैकी एकही जण त्यात बसत नव्हता. अर्ज करून त्यांनी नापास होण्याचा हक्क शाबूत ठेवला.

गावाला या चौदा जणांचा अभिमान आहे. गावात अभिमान वाटावा असे दुसरे काही उरलेले नाही, हेही खरे. दिवाळीला माजी विद्यार्थी येतात, पाचवी अ च्या दारात चपला काढतात, बाकावर बसलेल्या सरांच्या पाया पडतात आणि फोटो काढून घेतात. सेहेचाळीस मुले तोपर्यंत पटांगणात उभी असतात.

रेहाना अभिमान बाळगणाऱ्यांपैकी नव्हती. ती सरळ मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेली.

मुख्याध्यापिका कुंदा रणपिसे या शाळेच्या सोळाव्या प्रमुख आणि पहिल्या बाई. सहा वर्षे त्या खुर्चीवर होत्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांनी मिसबाला बसायला सांगितले. मिसबा उभीच राहिली.

"बाई, मला फिरवू नका," रेहाना म्हणाली. "कॅम्पात पाचवीची शाळा ही एकच. दुसरी धोंडेगावला, घाटाखाली. सकाळची एसटी अंधारात सुटते. हिचे अब्बा म्हणतात, कॅम्पात मिळाली तर शाळा, नाहीतर घरी बसायचं. घरी बसली की दोन वर्षांनी माझ्यासारखी गाड्यावर. मी गाड्यावर आहे, ते चालतंय. हिला नको."

"तुला काय आवडतं?" बाईंनी मिसबाला विचारले.

"गणित," मिसबा म्हणाली. "आणि बसायला खिडकी."

"खिडकीला सप्रे सर असतात."

"ते कधी उठतात?"

"उठत नाहीत," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी रेहानाला वस्तुस्थिती सांगितली. वर्ग भरला होता. पण नुसता भरला नव्हता. तीस तारखेला त्या स्वतः निवृत्त होणार, म्हणजे एक तारखेला त्यांनाही पाचवीत जागा लागणार. प्रथेप्रमाणे त्यासाठी सेहेचाळीसपैकी एका मुलाचे नाव कमी करायचे होते. कोणाचे, हे समिती ठरवणार होती. म्हणजे मिसबाने आत येणे दूरच, आत असलेल्या एकाला बाहेर जायचे होते.

"म्हणजे तुम्ही म्हातारपणी पोराची जागा खाणार?" रेहाना म्हणाली.

ओतारी भाऊसाहेबांनी घसा खाकरला. रणपिसे बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजवर सगळ्यांनी खाल्लीय."

"मग चौदातला एखादा काढा की."

"काढता येत नाही. पास झाला तरच जाईल."

"मग पास करा."

"त्यांनी लिहायला पाहिजे ना, रेहानाबाई. फेरपरीक्षा शनिवारी आहे. मागच्या वर्षी पेपरात सप्रे सरांनी सात आठे सत्तावन्न लिहिलं. अक्षर इतकं सुंदर की पोळ सरांना चूक म्हणवेना."

या पोळ सरांची अडचण वेगळी होती आणि ती त्यांनी स्टाफरूममध्ये मला मोकळेपणाने सांगितली. चौदा जण गेले तर पट घसरतो, पट घसरला की तुकडी बंद होते, तुकडी बंद झाली की पोळ सर अतिरिक्त ठरतात आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला फेकले जातात. "माझी दोन पोरं लहान आहेत," ते म्हणाले. "शिवाय म्हातारे त्रास देत नाहीत हो. खिचडी खातात, झोपतात. थॉर्नबी साहेबांना मिरची कमी लागते, एवढंच." मी विचारले, वर्गात शिकवणे कसे होते? ते म्हणाले, "पहिला तास हजेरीत जातो. दुसऱ्या तासाला कोणीतरी एक सर उठून आपल्या काळी शाळा कशी होती ते सांगतात. चौदा जण आहेत, पाळीपाळीने येतं. तिसऱ्या तासाला मी शिकवतो. तेव्हा ते हरकती घेतात."

मी मुलांनाही विचारले. पाचवी अ च्या मुलांना भारताच्या नद्या सांगता आल्या नाहीत. एकोणीसशे एकवीस साली शाळेच्या क्रिकेट संघाने कोणाला हरवले ते सगळ्यांना पाठ होते.

रणपिसे बाईंनी त्या आठवड्यात मिसबाला दोन दुपारी शाळेत बोलावले. दुसऱ्या दिवशी रेहाना गाडा तसाच टाकून तणतणत आली.

"बाई, ही काय रीत झाली? पोरीला येतंय तेही चुकवायला लावताय? काल घरी येऊन म्हणते, अम्मी, आज मी पन्नास उत्तरं चुकवली, बाई म्हणाल्या शाब्बास!"

"सोपं नव्हतं तिला," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला हात वळत नव्हता. तीन वेळा बरोबर आलं."

"पण कशाला?"

"शनिवारपर्यंत थांबा. आणि तिला सांगा, खाडाखोड जास्त कर. समास सोडू नको."

शनिवारी, एकवीस जूनला, पाचवी अ च्या वर्गात फेरपरीक्षा झाली. चौदा परीक्षार्थी बाकांवर बसले. त्यांची तयारी पूर्ण होती. सर्वांत अलीकडे निवृत्त झालेले गवाणकर सर मोबाइलवर सगळ्यांना सुप्रभात पाठवून मोकळे झाले होते. थॉर्नबी साहेब जागे होते. दर वर्षी राजधानी विचारली की लंडन लिहायचे, हे त्यांचे ठरलेले होते. नियमाप्रमाणे निरीक्षक म्हणून मुख्याध्यापिका स्वतः आल्या. परीक्षेचा नियम असा की, परीक्षेच्या वेळात, परीक्षेच्या खोलीत, परीक्षार्थीने स्वतःच्या हाताने जे लिहिले ते त्याचे उत्तर. हा नियम सप्रे सरांनीच केलेला आहे.

बाईंनी पेपर वाटले. पेपरावर प्रश्न होते आणि प्रश्नांखाली उत्तरे आधीच लिहिलेली होती. लहान मुलीचे अक्षर, समास नाही, जागोजागी खाडाखोड, आणि पन्नासच्या पन्नास उत्तरे चूक. प्रत्येक पेपरासोबत एकेक लाल शाईचे पेन होते.

"माफ करा हं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच मुलीच्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स निघाल्या. कोरे पेपर काढून आणते. वेळ मोजायला सुरुवात केलीय, पण तुम्ही काही लिहिलं नाही तरी चालेल. दुर्लक्ष करा."

आणि त्या बाहेर गेल्या.

खिडकीतून मी पाहिले ते सांगतो. पहिली काही मिनिटे कोणी पेपराकडे बघितले नाही. मग बघू लागले. गवाणकर सरांनी मोबाइल काढला आणि त्यात तोंड घातले. त्यांचे लक्ष शाळेत असतानाही तिथेच असे, त्यामुळे ते वाचले. थॉर्नबी साहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. दोघातिघांनी हात मांडीखाली दाबून धरले. सप्रे सर पगडी सरळ करत होते. नजर पहिल्या गणितावर गेली. बारा नव्वे एकशे दोन.

"हॅ," सप्रे सर म्हणाले.

शेजारचे कुजबुजले, "विष्णुपंत, नको."

"नुसतं बघतोय."

"पेन खाली ठेवा."

"अहो, पण एकशे दोन?" सप्रे सर म्हणाले. "एकशे दोन? कोण आहे ही कार्टी? हिला कोणी शिकवलं?"

त्यांनी लाल रेघ मारली आणि शेजारी एकशे आठ लिहिले. त्यानंतर त्यांना कोणी थांबवू शकले नसते. कृष्णा नदीचा उगम पुण्यात नसून महाबळेश्वरात असतो, पाणी शंभर अंशांना उकळते, आयताचे क्षेत्रफळ बेरीज करून काढत नाहीत, हे सगळे त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिले. दोन ठिकाणी समास आखून दिला. शेवटी खाली शेरा मारला: "अत्यंत निष्काळजी. पालकांस भेटावयास पाठवावे." आणि सही केली.

बाई परत आल्या. त्यांनी पेपर गोळा केले आणि सप्रे सरांचा तिथेच तपासला. पन्नासपैकी एकोणपन्नास. एक गुण त्यांनी कापला, कारण कृष्णेच्या उगमाशी सप्रे सरांनी तालुका लिहिला नव्हता.

"अभिनंदन, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही सहावीत गेलात."

सप्रे सर उभे राहिले. "ही फसवणूक आहे, कुंदा."

"तुमचा नियम आहे, सर. खोलीत, वेळेत, स्वतःच्या हाताने."

"मी तपासत होतो!"

"मला ठाऊक होतं तुम्ही तपासाल. पाचवीत मी तुमच्या शेजारी बसायचे. माझी पाटी तुम्ही कधी सोडलीत?"

"तुझं गणित कच्चं होतं."

"होतं ना. तुम्ही माझ्या पाटीवरची सगळी उत्तरं खोडून बरोबर लिहायचात. मला स्वतःला एकही लिहू दिलं नाहीत. वर्षअखेर तुम्ही नापास आणि मी पण."

सप्रे सर खाली बसले. त्यांनी शेजारच्यांना विचारले, "सहावीत काय असतं?"

"मला काय माहीत?" शेजारचे म्हणाले. ते एकोणीसशे सत्तावन्नपासून पाचवीत आहेत.

तर जागा एक रिकामी झाली आणि तिचे हक्कदार दोन झाले. मिसबा बागवान, जिला शाळा हवी होती. आणि रणपिसे बाई, ज्यांना प्रथेप्रमाणे एक तारखेपासून बसायचे होते. शाळा समितीची सभा अठ्ठावीस तारखेला भरली. अध्यक्ष ॲडव्होकेट भालचंद्र खासनीस. हे याच शाळेचे विद्यार्थी. गवाणकर सरांनी वेताने फोडलेली उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे आणि ती ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. समितीत बाकीचे आठ जण आहेत. त्यांनी सभेत चहा घेतला.

"आनंदाची गोष्ट आहे," खासनीस म्हणाले. "या वर्षी कोणाही मुलाचं नाव कमी करावं लागणार नाही. सप्रे सरांची जागा रणपिसे बाईंना. विषय संपला."

"मी ती जागा मिसबा बागवानला दिलीय," बाई म्हणाल्या. "काल सही केली. सोमवारपासून ती येतेय."

"मग तुम्ही कुठे बसणार?"

"घरी."

मग खासनीसांनी समजावणीचा सूर लावला.

"बाई, घरी काय करणार तुम्ही?"

"झोपेन. भाजी निवडेन. बहिणीकडे कोल्हापूरला जाईन."

"आणि मग?"

"मग मरेन."

"कधी?"

"वेळ झाली की. सगळे मरतात, वकीलसाहेब."

"थॉर्नबीचे मुख्याध्यापक मरत नाहीत!" खासनीस टेबलावर हात आपटून म्हणाले. "ही परंपरा आहे. साहेब दीडशे वर्षं बसलेत, ते काय वेडे आहेत? पहिल्यांदा एक बाई त्या खुर्चीवर बसली, आणि पहिल्यांदाच बाकावर बसायला नकार. लोक काय म्हणतील?"

"लोकांना विचारा. रेहानाबाई बाहेर उभ्या आहेत."

"त्या लोक नाहीत. त्या पालक आहेत."

रेहानाने दारातून हे ऐकले. "वकीलसाहेब," ती म्हणाली, "तुमची पोरं कुठल्या शाळेत आहेत हो?"

खासनीसांची मुले पुण्यात शिकतात. समितीतल्या नऊही जणांची मुले बाहेर शिकतात. थॉर्नबी स्कूलमध्ये यांचे फक्त फोटो आहेत. पण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

"माजी मुख्याध्यापक म्हणजे कोण?" खासनीस सभेकडे वळून म्हणाले. "संस्थापकांच्या नियमात व्याख्या स्पष्ट आहे. जो खुर्ची सोडून बाकावर बसतो तो. जो बाकावर बसत नाही तो माजी मुख्याध्यापक नाही. आणि जो माजी मुख्याध्यापक होऊ शकत नाही तो मुख्याध्यापक होता असं कसं म्हणता येईल?"

सभासदांना हे पटले. कोणी पटले नाही असे म्हणाले नाही. ठराव असा झाला: श्रीमती कुंदा रणपिसे या थॉर्नबी इंग्लिश स्कूलच्या मुख्याध्यापिका कधीही नव्हत्या. हॉलमधल्या फळ्यावर त्यांचे नाव रंगवू नये. त्यांनी सहा वर्षांत केलेल्या सर्व सह्या केल्या नाहीत असे समजावे. सूचक खासनीस, अनुमोदन सर्वांचे.

बाईंनी पर्स उचलली. "मग मी तीस तारखेची वाट कशाला बघू?" त्या म्हणाल्या. "आत्ताच जाते."

त्या कोल्हापूरला गेल्या.

सोमवारी, तीस जूनला, मिसबा बागवान नवा गणवेश घालून आली आणि खिडकीशी बसली. सप्रे सर दप्तर घेऊन सहावीत गेले. तिथे त्यांना समजले की पुढे अजून पाच परीक्षा आहेत. तेव्हापासून ते डबा खात नाहीत आणि हातांना लाल शाई लागली का ते सारखे बघतात. तो बाक सोडून पाचवी अ मध्ये बाकी सर्व जसे होते तसे आहे. दुसऱ्या तासाला गवाणकर सरांनी आपल्या काळच्या शिस्तीबद्दल भाषण केले. मध्येच मिसबाने हात वर केला.

"सर, आज गणित कधी?"

"मध्ये बोलू नकोस."

"तुमचं झालं की?"

"माझं झालं की टेंबे सरांचं आहे."

"मग मी इथे करते," मिसबा म्हणाली आणि वही काढली. शेजारच्या दोन मुलींनीही काढली. थॉर्नबी साहेबांनी मागे वळून पाहिले आणि इंग्रजीत विचारले की, ही मुले काय करताहेत? कोणीतरी सांगितले की, अभ्यास करताहेत. साहेबांनी, वर्गात?, असे विचारले आणि ते पुन्हा पुढे वळले.

अडचण मंगळवारी सुरू झाली. मिसबाच्या प्रवेशावर रणपिसे बाईंची सही आहे आणि ठरावाप्रमाणे ती सही झालेली नाही. म्हणून प्रवेश रद्द करा, असे खासनीसांनी ओतारींना सांगितले. ओतारी भाऊसाहेब नियमाने चालणारे गृहस्थ. ते म्हणाले, "करतो साहेब. फक्त रद्द करताना, अमुक मुख्याध्यापकांनी दिलेला प्रवेश रद्द, असं लिहावं लागतं. नाव कोणाचं घालू?"

"रणपिश्यांचं घाला."

"मग त्या मुख्याध्यापिका होत्या असं होईल."

"नाव घालू नका."

"मग कोणी न दिलेला प्रवेश रद्द करतोय असं होईल. न दिलेला कसा रद्द करू?"

"पोरीला बाहेर काढा, एवढंच सांगतोय मी!"

"कोणाच्या आदेशाने? तुम्ही अध्यक्ष. वर्गातून काढण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना. नवीन मुख्याध्यापक नेमायचा तर चार्ज द्यावा लागतो. चार्ज आधीच्यांनी द्यायचा. आधीचे," ओतारी म्हणाले, "गवाणकर सर. ते पाचवीत आहेत, आणि चार्ज त्यांनी सहा वर्षांपूर्वीच दिला, म्हणतात."

"कोणाला दिला?"

"तेच ते सांगत नाहीत. ठरावाच्या विरुद्ध होईल म्हणतात."

रेहाना रोज सकाळी मुलीला फाटकापर्यंत सोडते आणि चौकात जाऊन गाडा लावते. खासनीस तिच्याकडून केळी घेत नाहीत. परवा मी घेतली. मी विचारले, पोरीचे कसे चाललेय? ती म्हणाली, "पंधरा जणांना सरकवून बसवलीय, आता उठतेय कशाला?" मी म्हटले, चौदा. ती म्हणाली, "वकील पण धरा की."

समितीने तीन गोष्टींचा खुलासा मागवला आहे. शाळेला मुख्याध्यापक नव्हते त्या सहा वर्षांत शाळा रोज सकाळी कोणी उघडली. त्या सहा वर्षांत दहावीचे जे निकाल लागले, आणि जे शाळेच्या इतिहासात सर्वांत चांगले आहेत, ते कोणाच्या कारकिर्दीतले धरायचे. आणि मिसबा बागवानला आत कोणी घेतले. खुलासा मुख्याध्यापक, थॉर्नबी इंग्लिश स्कूल, या पत्त्यावर मागवलेला आहे. अद्याप कोणी दिलेला नाही.